काळ्या मातीतली जुनी न्हाणी ५० हजारांत सुधारायची आहे, सुरुवात कुठून करू?

पूर्णाकाठ

दर्यापूर तालुक्यातलं गाव, खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट. घराच्या मागच्या भिंतीला लागून न्हाणी आहे. आतून ५ बाय ७ फूट, वर स्लॅब. भिंती ९ इंची, विटांची जोडाई मातीच्या गाऱ्यात, वरून सिमेंटची छपाई. खाली शहाबादी फरशी.

मोरीच्या कोपऱ्यात फरशी दोन इंच खचली आहे आणि तिथे पाणी साचून राहतं. शेजारच्या खोलीत त्याच भिंतीला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ओल आहे, पांढरा लोणा फुटतो, छपाई हातानं निघते. नळाचा जीआय पाइप आतून गंजून अर्धा बुजला आहे. सांडपाणी उघड्या नालीनं मागच्या भिंतीला लागूनच जातं आणि तिथेच मुरतं. संडास वेगळा आहे, दोन खड्ड्यांचा. गिझर नाही, पाणी चुलीवर तापतं.

मिस्त्री म्हणतो, शहाबादीवर मसाला टाकून वरून टाईल मारू, भिंतींना वरपर्यंत टाईल, आठ दिवसांत काम मोकळं. दुकानदार वॉटरप्रूफिंगचा डबा घ्या म्हणतो. बजेट ५० हजार, त्याच्या वर जाता येत नाही. आधी काय करावं?

ओळंबा

मिस्त्रीचं ऐकलं तर दोन पावसाळ्यांत नवी टाईल त्याच कोपऱ्यात तडकेल. फरशी खचली ती फरशीमुळे नाही, तिच्याखालच्या काळ्या मातीमुळे. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. तुमच्या मोरीखाली ती बारा महिने ओली आहे आणि उरलेल्या न्हाणीखाली उन्हाळ्यात कोरडी पडते. एकाच फरशीखाली एक भाग हलतो, दुसरा नाही. त्यातून निकासाच्या जोडातून पाणी गळत असेल तर माती धुपून पोकळीही झालेली असणार. शहाबादीवर हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहा, जिथे ढबढब आवाज येईल तिथे खाली काही नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: बाहेरचा निकास, मग जमीन, मग भिंती आणि पाइप, सगळ्यात शेवटी टाईल. पैसा संपलाच तर टाईलवर संपू द्या, खालच्या कामावर नाही. वर चार फुटांऐवजी तीन फूट टाईल लागली तर काही बिघडत नाही.

जमिनीचं काम: शहाबादी काढा (शाबूत निघालेल्या लाद्या ठेवा, बाहेरच्या पट्ट्याला उपयोगी पडतात). काळी माती दीड फूट खोल काढा. इथे एक सांभाळायचं, मातीच्या जोडाईच्या जुन्या भिंतीचा पाया पुष्कळदा फूट-दीड फुटाचाच असतो. आधी एका कोपऱ्यात लहान खड्डा करून पायाचा तळ कुठे आहे ते बघा आणि त्याच्या खाली कुदळ जाऊ देऊ नका. सगळी न्हाणी एकदम उकरायची नाही. अर्धी उकरा, भरा, ठोका, मग दुसरी अर्धी.

भरायला मुरूमच, घराची पडकी माती किंवा राख नको. ३५ चौरस फूट गुणिले दीड फूट म्हणजे साडेबावन्न घनफूट, ठोकल्यावर बसतो म्हणून पाऊण ब्रास, म्हणजे ७५ घनफूट मागवा. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मसानं ठोका. एकदम दीड फूट ओतून वरून ठोकलं तर फक्त वरचे चार इंच बसतात, बाकीचं पुढच्या वर्षी बसतं, तुमच्या टाईलसकट.

त्यावर ४ इंच काँक्रीट, १:३:६. एवढ्याला दीड बॅग सिमेंट, साडेपाच घनफूट रेती, ११ घनफूट गिट्टी. निकासाचा पाइप आणि ट्रॅप (जाळीखालचं, थोडं पाणी धरून वास अडवणारं भांडं) काँक्रीटच्या आधी बसवा, नंतर फोडून नाही.

मिस्त्री_वऱ्हाडी

ओळंबा भाऊ बरोबर सांगून राहिले. थ्या भितीचं मी सांगतो.

लोना फुटलेली छपाई ठेवून वरून टाईल मारसान तं टाईल छपाईसकट खाली येते, कारन थे छपाई विटेले चिकटूनच नाई हाये. ओल जथलोक दिसते त्याच्या वर एक फूट, म्हंजे चार फुटालोक, दोन्ही आंगची छपाई काढा. आतून न्हानीची, भाईरून खोलीची. विटायचे सांधे अर्धा इंच खरडा. मंग लोना कोरड्या बरशानं झाडून गोनीत भरा अन् दूर फेका. पान्यानं धुवू नोका. धुतला का मीठ पुन्हा विटेत जाते अन् पंधरा दिसात तथीच फुटते. मातीचा गारा बी वाहून जाते थो वेगळा.

दोन-तीन हप्ते भीत उघडीच सोडा. याच्यात घाई करनारे मंग बोंबलतात.

न्हानीच्या आंगानं कोंबडी जाळी खिळे मारून ताना, पह्यले १:२ चा पातळ छिटकाव, दुसऱ्या दिवशी १:४ ची छपाई पाऊन इंच. बॅगमागं २०० मिली वॉटरप्रूफिंगचं पातळ औषध पान्यात टाका, जास्त टाकल्यानं जास्त काम होत नाई. पन खोलीच्या आंगानं सिमेंट अन् ऑईल पेंट नको. दोन्ही आंगानं भीत बंद केली तं ओल जाईन कुठी? वर चढते, तीनाचे पाच फूट होते. खोलीकडून चुन्याची छपाई करा अन् वरून चुनाच फासा, भितीले श्वास घेऊ द्या.

अन् आखरीचं. खारपानपट्ट्यात बोअरच्या पान्यात मसाला कालवू नोका. तुमच्याकडे शहानूरच्या योजनेचं नळाचं पानी येत असन तं थेच ड्रमात भरून ठेवा, मसाल्याले बी अन् वरून मारायले बी.

सूत_गुणिया

पाण्याच्या मुद्द्याला दुजोरा. भारतीय मानक ४५६ मध्ये काँक्रीट कालवायच्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा लोखंड असलेल्या कामाला लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आणि बिनलोखंडाच्या कामाला २००० मिलिग्रॅम आहे. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी चवीलाच खारट लागतं, तेव्हा त्या फंदात पडू नये. जाळी घातलेली छपाई म्हणजे लोखंड आलंच.

रेतीही तपासा. पारदर्शक बाटलीत अर्धी रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या उंचीच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त दिसला तर ती रेती छपाईला नको, धुऊन घ्या.

आता ट्रॅप आणि उतार, कारण नव्या न्हाण्या इथेच फसतात. गंमत अशी की दुकानात ज्याला सगळे नहाणी ट्रॅप म्हणतात त्याचं नाव आपल्या न्हाणीवरूनच पडलं, पण गावातल्या अर्ध्या न्हाण्यांत तो नसतो, नुसती जाळी आणि खाली सरळ पाइप. मग वास येतो, झुरळं येतात आणि लोक फिनाईल ओतत बसतात. ७५ मिमी निकासाचा, ५० मिमी पाणी धरून ठेवणारा ट्रॅप घ्या. पुढे ७५ मिमीचा एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप, उतार ४० फुटांना एक फूट, म्हणजे १० फुटांना ३ इंच.

पीव्हीसीच्या गुळगुळीत अंगाला सिमेंट धरत नाही. ट्रॅपच्या बाहेरून पॉलिशपेपर मारा, सॉल्व्हंट लावा आणि ओलं असतानाच कोरडी जाड रेती भुरभुरा. वाळलं की त्या खरबरीत अंगाला काँक्रीट पकडतं. हे न केल्यानं ट्रॅपभोवती केसासारखी फट राहते आणि सगळी गळती तिथून सुरू होते.

फरशीचा उतार फुटाला दीड सूत (आठ सूत म्हणजे एक इंच). ट्रॅप कोपऱ्यात असेल तर समोरचा कोपरा तिरका साडेआठ फुटांवर पडतो, म्हणजे तेरा सूत, दीड इंचाहून थोडा जास्त. मिस्त्री डोळ्यानं उतार देतो, त्याला आधी चारही भिंतींवर पाण्याच्या नळीनं एक पातळी मारायला लावा आणि तिथून खाली मोजून ठिपके बांधून घ्या. उतार काँक्रीटलाच द्या. सपाट काँक्रीटवर टाईलखालच्या मसाल्यानं उतार काढला तर एका बाजूला मसाला अडीच इंच होतो आणि मुरलेलं पाणी त्यात बसून राहतं.

वॉटरप्रूफिंग काँक्रीटवर, टाईलच्या खाली. दोन भागांचं, पावडर आणि पातळ औषध मिसळायचं पॉलिमर लेपन घ्या. भिंत आणि जमीन मिळते तिथे आधी मसाल्याची गोलाई, म्हणजे वाटा, मारून घ्या, काटकोनात लेप तुटतो. जमिनीवर पूर्ण, भिंतींना एक फूट, आंघोळीच्या कोपऱ्यात सहा फूट, आणि ट्रॅपच्या तोंडात आतपर्यंत. दोन हात, पहिला उभा तर दुसरा आडवा, मध्ये चार ते सहा तास. सुमारे १०५ चौरस फुटांना १५ किलोचा संच पुरावा, तरी पिशवीवरचं प्रमाण वाचा. तीन दिवस वाळू द्या, मग ट्रॅपचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भरा, पातळीला पेन्सिलची खूण करा, २४ तासांनी पाहा. मेमध्ये थोडं वाफेनं जाईल, म्हणून शेजारी ताटात तेवढंच पाणी ठेवा आणि दोन्हींतली घट ताडून बघा.

पूर्णाकाठ

खूप उपयोगी माहिती, सर्वांचे आभार. दोन शंका. सांडपाण्याला शोषखड्डा करावा का? ग्रामपंचायतीकडून होईल असं ऐकलं. आणि पाइप कोणता, यूपीव्हीसी की सीपीव्हीसी? टाकी स्लॅबवर आहे, पाइप उन्हात राहतो.

कर्दळ_अळू

शोषखड्ड्याबद्दल जरा थांबा. तो मुरमाच्या किंवा रेतीच्या थरापर्यंत पोचला तरच चालतो. यवतमाळ, वर्धा भागात पाच-सहा फुटांवर मुरूम लागतो, तिथे छान चालतो. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाची काळी माती खूप खोल जाते, तिथे शोषखड्डा म्हणजे गिट्टी भरलेलं डबकं. आधी फूटभर रुंद, तीन फूट खोल खड्डा करा, रात्रभर पाण्यानं भरलेला ठेवा, सकाळी पुन्हा भरा आणि तासात किती इंच उतरतं ते मोजा. तासाला इंचभरही उतरत नसेल तर शोषखड्डा विसरा.

आणखी एक, न्हाणीचं पाणी संडासच्या खड्ड्यात सोडू नका. दोन खड्ड्यांचा संडास थोड्या पाण्याच्या हिशेबानं बांधलेला असतो, रोजच्या शंभर-दीडशे लिटरनं खड्डा तुडुंब भरतो आणि मैला कुजायचा थांबतो.

तुमच्याकडे चालेल ते पाझर चर. न्हाणीबाहेर दीड बाय दीड फुटाची वीट-सिमेंटची कुंडी, तीत निकासाचा पाइप वरून येणार आणि पुढचा पाइप एल्बो लावून खाली तोंड करून निघणार, म्हणजे साबणाचा फेस आणि केस कुंडीतच अडतील. तिथून बंद पाइपनं पाणी घराच्या भिंतीपासून निदान १० फूट दूर. पुढे २ फूट रुंद, २ फूट खोल, १५ ते २० फूट लांब चर, तळाला फूटभर ४० मिमी गिट्टी, वर पोतं अंथरून माती. काठानं कर्दळ, अळू, केळ लावा, पाणी जमिनीपेक्षा झाडंच जास्त ओढतात. पावसाळ्यात चर भरून वाहील, तेव्हा जादा पाणी गावनालीकडे काढायला वाट ठेवा. कुंडी महिन्याला उपसा, नाहीतर साबणाचा चिकट थर गिट्टीवर बसतो आणि चरही मरतो.

खारपाणपट्ट्यातली माती आधीच चोपण, म्हणजे क्षारानं घट्ट झालेली आहे, त्यात कपड्यांच्या सोड्याचं पाणी म्हणजे भर. ते भाजीच्या वाफ्यात नको.

शोषखड्डा रोजगार हमीत बसतो का, ते रोजगार सेवकाला विचारून पाहा. पण फुकट मिळतो म्हणून चुकीच्या जागी खोदून घेऊ नका.

ओळंबा

याच्याशी सहमत, आणि मागच्या भिंतीला लागून बाहेरून तीन फूट रुंद काँक्रीटचा पट्टा कराच, उतार भिंतीपासून बाहेर. त्यावर काढलेल्या शहाबाद्या बसवा. खोलीतली निम्मी ओल या एका कामानं उतरेल, कारण आज नालीचं पाणी थेट पायात जातं.

नळजोड

पाइपचं: न्हाणीत भिंतीच्या आत गार पाण्याला यूपीव्हीसी ठीक आणि स्वस्त. पण स्लॅबवर उन्हात सीपीव्हीसी लावा. यूपीव्हीसी ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो आणि अकोला-अमरावतीचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, दुपारी उघड्या पाइपातलं पाणी हात भाजतं. सीपीव्हीसीलाही ऊन मानवत नाही, त्याला पांढरा पाण्याचा रंग दोन हात मारा. ऑईल पेंट किंवा थिनरचा रंग मारू नका, त्यानं पाइप ठिसूळ होतो. टाकीतून खाली पाऊण इंची, नळांना अर्धा इंची. पुढे गिझर येणार असेल तर त्याची सीपीव्हीसी जोडणी आताच भिंतीत टाकून टोकं बंद करा, तीनेकशे रुपयांत होतं.

दोन्ही पाइपांचं सॉल्व्हंट वेगळं. एकाच डब्यानं दोन्ही चिकटवणारा प्लंबर बदला. काप सरळ, काठ घासलेला, सॉल्व्हंट दोन्हीकडे, आत घालून पाव वळसा, अर्धा मिनिट धरून ठेवायचं, २४ तास पाणी नाही.

नळ बसतो त्या प्रत्येक एल्बोला पितळी आटे असलेलाच घ्या. प्लास्टिकच्या आट्यात पितळी नळ पान्यानं आवळला की एल्बो आतून तडकतो, गळती टाईलमागे होते आणि महिनाभर कळत नाही. भिंत बुजवायच्या आधी लाईन भरून, सगळी तोंडं बंद करून, रात्रभर टाकीच्या दाबावर ठेवा आणि सकाळी प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा.

खाऱ्या पाण्यात चकचकीत स्वस्त नळ वर्षात सोलतात, कारण क्रोमखाली जस्ताची ओतीव धातू असते. पीटीएमटीचे प्लास्टिक नळ दिसायला साधे, पण मीठ त्यांना खात नाही. क्षारानं तोंड बुजलं तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवा. ॲसिड नको, ते टाईलच्या सांध्यातलं सिमेंटही खातं.

सूत_गुणिया

टाईलचा हिशेब जोडतो. जमिनीला १ बाय १ फूट, खरबरीत, ३५ अधिक दहा टक्के, म्हणजे ३९ नग. मोठी टाईल नको, चार बाजूंचा उतार लहान टाईलला नीट देता येतो. भिंतीला १२ बाय १८ इंची आडवी. दार सोडून साडेएकवीस फूट घेर, चार फूट उंचीला ५८ नग. नळाची ५ फुटी भिंत आणि शेजारचे ४ फूट सहा फुटांपर्यंत न्यायला आणखी १२. एकूण ७०, तुटफूट धरून ७७. सहा नगांचा बॉक्स असेल तर १३ बॉक्स. सगळे एकाच बॅचचे, नंतर आणलेले रंगात जुळत नाहीत.

चिकटवायला टाईलचा गम घ्या, २० किलोच्या चार पिशव्या, दातेरी थापीनं पूर्ण पसरून. मागे पाच गोळे लावून टाईल दाबायची पद्धत बंद करा, मध्ये पोकळी राहते आणि बादली आपटली की तुकडा उडतो. गम लावणार असाल तर टाईल भिजवायची नाही. सिमेंटनं लावणार असाल तर बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायची. हे उलटसुलट झालं की दोन्हीकडून टाईल सुटते. सांधा २ ते ३ मिमी, भरणी दुसऱ्या दिवशी.

खर्च साधारण असा धरा, गावागावात फरक पडेल. मजुरी मिस्त्रीचे ९ दिवस आणि दोन मजूर, १५ ते १६ हजार. सिमेंट ७ बॅगा, रेती ३० घनफूट, गिट्टी, मुरूम मिळून साडेसहा. टाईल, गम, भरणी ८. वॉटरप्रूफिंग साडेतीन. पाइप-नळ ५. ट्रॅप, निकास, कुंडी २. पीव्हीसीचं दार चौकटीसह साडेतीन, जाळी-दिवा दीड. एकूण ४६ च्या घरात. उरलेले चार हजार कोणालाही सांगू नका, फोडल्यावर काहीतरी निघतंच.

पूर्णाकाठ

शेवटचं. एप्रिल-मेमध्ये काढावं का, शेतीची कामं नसतात तेव्हा?

ओळंबा

मेमध्ये नको. माती तेव्हा पूर्ण आकसलेली असते, तिच्यावर काँक्रीट टाकलं की पहिल्याच पावसात खालून फुगून उचलते. शिवाय ४५ अंशांत छपाई दोन तासांत सुकते आणि जाळीदार तडे जातात. दिवाळीनंतर ते संक्रांत हा काळ उत्तम.

मिस्त्री_वऱ्हाडी

दिवाळीनंतर मजूर कुठून आनता भाऊ? समदे कापूस येचाले जातात, घमेलं उचलाले मानूस भेटत नाई. जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरा, येचनी बी ओसरते, माती बी अजून ओलसर असते. छपाईची फोडाफोडी मात्र डिसेंबरातच करून घ्या, भीत तवालोक वाळते. छपाई अन् काँक्रीटवर ओला बारदाना सात दिवस.

नळजोड

गिझर पुढे लावाल तेव्हा बोर्ड न्हाणीबाहेर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आणि गिझरला वेगळी २.५ चौरस मिमी तांब्याची वायर. अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगाळतो आणि अर्थ सुटतो, न्हाणीच्या पाझर चराजवळ खड्डा घेतला तर तो आपोआप ओला राहतो.

पूर्णाकाठ

भिंतीच्या कडेला पायाचा तळ बघायला खड्डा केला. पाया सव्वा फुटावरच संपतो. मग दीड फूट कसं काढू?

ओळंबा

नाही काढायचं. कडेनं एक फूट पट्टा सोडून तिथे फक्त फूटभर खोल, मधे दीड फूट, कड तिरपी ठेवा. मोरीच्या कोपऱ्यात पायाखालची माती चिखल झालेली दिसली तर तेवढ्या भागात तीन-तीन फुटांच्या टप्प्यानं पायाखाली काँक्रीट भरून घ्या, एक टप्पा सात दिवसांचा झाला की दुसरा, आणि शेजारशेजारचे दोन टप्पे लागोपाठ नको. ते करताना स्लॅबला खालून दोन बल्ल्यांचा टेका द्या.